वायुभक्षी

ज्या गावात शेजाऱ्याच्या प्रकृतीच्या आधी त्याच्या नळाचा समाचार विचारतात, आणि जेथे सकाळी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत टाकलेल्या 'आलं का?' या कर्ताहीन प्रश्नाचा कर्ता पाणी हाच असतो हे व्याकरण न शिकलेल्या पोरालाही ठाऊक असते, त्या जालना गावी पाण्याचा एक थेंबही न मागणारी मोटार दारात उभी असणे हा योग मी कित्येक वर्षे एखाद्या इनामदाराने इनाम भोगावे तसा निर्वेधपणे भोगला. केवळ वायू भक्षण करून सहस्र वर्षे तप करणाऱ्या ऋषींची वर्णने पुराणांत आढळतात. परंतु त्या ऋषींच्या पाठीत पंखा बसविलेला नव्हता, आणि त्यांच्यावर बसून कोणी सहकुटुंब अंबडला जाऊन आल्याचा दाखला नाही. माझी फोक्सवॅगन ही दोन्ही कामे करीत असे. जगात तिला बीटल म्हणजे भुंगेरा म्हणतात. आमच्या गल्लीत तिला कासव म्हणत, आणि तिचा वेग पाहिलेल्या कोणीही या नामांतरास हरकत घेतली नाही.

ही मोटार १९६८ सालची. मायदेशी परतणाऱ्या एका जर्मन गृहस्थाकडून माझ्या थोरल्या मामांनी ती मुंबईस विकत घेतली, आणि त्यांच्या पश्चात ती मजकडे आली; कारण मामांच्या चिरंजीवांना ज्या मोटारीचे इंजिन पुढे असते अशीच मोटार हवी होती. माझी स्वतःची हयात तहसील कचेरीच्या दप्तरांत गेली असल्यामुळे महत्त्वाची गोष्ट मागे ठेवून दर्शनी भागात रिकामी पेटी ठेवण्याच्या या रचनेचे मला कधीच नवल वाटले नाही.

मोटारीला हवेवर ठेवण्याची युक्ती निघाली ती मात्र पाण्याच्या दुष्काळातून नव्हे. १९३४ साली सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार बांधण्याचे काम जर्मनीत डॉक्टर फर्डिनांड पोर्शे यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता तो थंडीचा. ज्या कुटुंबासाठी मोटार बांधावयाची त्याच्याकडे ती ठेवावयास आडोसा नव्हता. मोटार रात्रभर उघड्यावर राहणार, इंजिनातले पाणी गोठणार, गोठताना फुगणार आणि इंजिन मडक्यासारखे तडकविणार. तेव्हा पाणीच नको, असा निकाल झाला. म्हणजे तिकडे पाणी गोठते म्हणून जे इंजिन जन्मास आले, तेच इकडे पाणी असतच नाही म्हणून आमच्या उपयोगी पडले. परस्परविरुद्ध अशा दोन व्याधींवर एकच मात्रा लागू पडावी हे वैद्यकात क्वचित आणि सरकारी योजनांत कधीच दिसत नाही. २००३ सालच्या ३० जुलैला मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची बीटल बाहेर पडेपर्यंत अशा २ कोटी १५ लाख २९ हजार ४६४ मोटारी निघाल्या. त्यांपैकी आमच्या गल्लीच्या वाट्यास एक आली, ही वाटणी जिल्ह्याला मिळणाऱ्या पाण्याच्या मानाने उदारच म्हणावयास हवी.

या इंजिनात चार सिलिंडर दोन-दोन असे समोरासमोर आडवे निजलेले असतात. प्रत्येक सिलिंडर बिडाचा, सुटा आणि स्वतंत्र. त्याच्या अंगावर भिजलेल्या कोंबड्याने पिसे फुलवावीत तशा पातळ पाकळ्या, आणि वर पत्र्याच्या चोळीत बसविलेला एक पंखा, जो पट्ट्यावर फिरून त्या पाकळ्यांवरून वारा ढकलीत राहतो. बस. यापलीकडे त्याची काही मागणी नाही. २०१२-१३च्या दुष्काळात आमच्याकडे टँकरची चाहूल लागताच घागरींच्या रांगा लागत, आणि पाण्यावर चालणाऱ्या मोटारींचे मालक इंजिनात ओतावयाचे पाणी घरच्यांच्या नजरेआड नेत, त्या दिवसांत मी माझ्या मोटारीवरची धूळ कोरड्या फडक्याने झटकून संध्याकाळी मंठा रस्त्याने हवा खावयास जात असे. मी आणि मोटार, दोघेही.

असा हा संसार सुखाने चालला असता मोटारीच्या मागून निळसर धूर निघू लागला. मी तो प्रथम अगरबत्तीचा समजलो, कारण आमचे घर देवळाजवळ आहे. पण देऊळ मागे पडले तरी धूर सोबत येऊ लागला तेव्हा मिस्त्रींना बोलावणे भाग पडले. आमचे मिस्त्री हे आयशरचे मिस्त्री. बव्हेरियातील आयशर बंधूंनी हवेवर थंड होणारे डिझेल इंजिन ट्रॅक्टरास बसविले, आणि १९५९ साली फरीदाबादेस त्याच घराण्याचे ट्रॅक्टर आपल्याकडे बनू लागले; तेव्हापासून मराठवाड्याच्या कोरड्या शिवारांत धडधडत फिरणारी ती यंत्रे खोलण्यात आणि बांधण्यात मिस्त्रींची सारी उमेद गेलेली. त्यामुळे पाणी नसलेले इंजिन पाहून शहरातले इतर कारागीर जसे ओळखीचा माणूस मुंडण करून आल्यासारखे थबकत, तसे ते थबकले नाहीत. त्यांनी मागचे झाकण उघडले, पाकळ्यांवरून बोट फिरविले आणि आपल्या माहेरचे माणूस भेटावे तशा स्वरात म्हणाले, "ही तर आयशरची मावशी दिसते साहेब."

निदान साधे होते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या आणि तेल वर चढून जळत होते. "रिंग-पिस्टन टाकू, व्हॉल्व घासू, आठ दिवसांत गाडी मोकळी," असे मिस्त्री म्हणाले. आणि हे प्रकरण तेथेच दप्तरी दाखल झाले असते, जर त्या वेळी माझा पुतण्या, ज्याने नुकतीच अभियांत्रिकीची पदवी घेतली होती आणि जो सळईच्या कारखान्यात लागेपर्यंत रिकामा होता, हातात चहाचा कप घेऊन तेथे उभा नसता.

"काका," तो म्हणाला, "इंजिन उघडलंच आहे तर जरा मोठे सिलिंडर टाकू या."

'उघडलंच आहे तर' या शब्दांनी मराठी कुटुंबांचा जितका पैसा खाल्ला आहे तितका सावकारांनी आणि लग्नांनी मिळूनही खाल्ला नसेल. मोरीची एक फरशी फुटते, गवंडी येऊन ती काढतो आणि कमरेवर हात ठेवून विचार करू लागतो. मोरी उघडलीच आहे तर नळ बदलू, नळ काढलाच आहे तर भिंत पाडू, भिंत पडलीच आहे तर स्वयंपाकघर पूर्वेस नेऊ, आणि वर्षाने घरमालक दुसऱ्याच्या घरी भाड्याने राहात आपल्या घराचे बांधकाम पाहावयास येत असतो. जी वस्तू काही मागत असते तिला आपण सुखाने दुर्लक्षितो. जी काहीच मागत नाही तिच्याकडे पाहून मात्र हात शिवशिवू लागतात. हे सर्व मला कळत होते. तरीही माझ्या तोंडून प्रश्न निघाला तो "कशाला?" असा न निघता "किती मोठे?" असा निघाला.

"साडेसात मिलिमीटर."

घरात ही वार्ता जाताच सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "अहो, चालत होती ना?"

"चालत होती, पण धूर निघत होता."

"धूर भाऊजींच्याही नाकातून निघतो. त्यांना कुणी उघडलं का?"

भाऊजी म्हणजे या उपद्व्यापी पुतण्याचे तीर्थरूप. ते ओसरीवर विडी ओढीत बसले होते आणि त्यांनी ती तत्काळ विझविली. परंतु युक्तिवाद बिनतोड असला म्हणजे तो मानला जातोच असे नाही. कचेरीत तर मी याच्या उलटच पाहिले आहे.

वाचकांस या व्यवहारातील आकडे समजणे अगत्याचे आहे, कारण सारा मोह त्या आकड्यांचा होता. माझ्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८३ मिलिमीटर आणि पिस्टनचा फेरा ६९ मिलिमीटर. चौघांचे मिळून आकारमान १४९३ घनसेंटीमीटर. याच इंजिनाच्या मोठ्या भावाला कारखान्यानेच साडेपंच्याऐंशीचे सिलिंडर दिलेले आहेत, त्याने हाच आकडा १५८४ होतो, आणि ते सिलिंडर माझ्या इंजिनात काही एक न खरडता बसतात. कोणाही समंजस माणसाने तेथे थांबावे. पण बाजारात ८७ मिलिमीटरचेही मिळतात, आणि तेही जुन्याच भोकांत बसतात. कसे, तर त्यांचा बाहेरचा घेर तेवढाच ठेवून आतली भिंत पातळ केलेली असते. वाड्याचे जोते तेच, आवार तेच, फक्त भिंती आतून तासून दिवाणखाना मोठा केलेला. अशा पातळ भिंती तापल्या की वाकतात, गोल सिलिंडर किंचित लांबट होतो, रिंगांची आणि भिंतीची फारकत होते आणि जो धूर घालविण्यासाठी खटाटोप केला तोच धूर नव्या थाटात बाहेर पडतो. त्यापुढचा टप्पा साडेनव्वदचा. त्याची भिंत चांगली जाड. आकारमान १७७५च्या घरात, म्हणजे मूळच्यावर जवळजवळ पाचवा हिस्सा अधिक. मात्र तो जुन्या भोकात जात नाही.

मिस्त्रींनी हे सर्व ऐकून घेतले, कानामागची पेन्सिल काढली, परत कानामागे ठेवली आणि निर्णय दिला, "भिंत पातळ नको साहेब. मोठं करायचं तर घर मोठं करा."

यंत्रकामात एखादा भाग ज्या खाचेत बसतो तिला त्या भागाचे घर म्हणतात. हे मिस्त्रींना ठाऊक, मला ठाऊक. पण कुंपणापलीकडे वाळवण घालीत असलेल्या शेजारीणबाईंना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दिवेलागणीपर्यंत आम्ही घर मोठे करणार ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक वाळूवाला, एक खडीवाला आणि सळईचा एक दलाल असे तिघे जण ओसरीवर हजर झाले. त्यांची समजूत घालताना माझ्या तोंडून 'घर नव्हे हो, बोअर मोठा करायचा आहे' असे वाक्य गेले, आणि मग तर पाहावयास नको. जालन्यात बोअर हा शब्द उच्चारणे म्हणजे दुष्काळी छावणीत पंगतीचा पुकारा करण्यासारखे आहे. कोणी विचारी, किती फुटांवर लागलं, कोणी विचारी, पाणाड्या कोण आणला होता, आणि एक वृद्ध गृहस्थ, ज्यांच्या तीन बोअर कोरड्या गेल्या होत्या, मला बाजूला घेऊन कळवळ्याने म्हणाले, "या भागात खोल जाऊ नका, पैसा वाया जातो." मी त्यांना खरे काय ते सांगितले. ते ऐकून ते अधिकच गंभीर झाले आणि म्हणाले, "तेच म्हणतो मी."

यथाकाल सिलिंडर आले. ते कोणकोणत्या देशांतून आणि किती जकात भरून आले याचा तपशील कुटुंबाच्या हिशेबवहीत नाही, आणि तो तेथे नसावा याची मी तजवीज केली आहे. इंजिन उतरविण्याचे काम मात्र अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. चार बोल्ट सुटले की ते सबंध खाली येते, आणि तासाभरात ते आमच्या ओसरीवर गोणपाटावर विसावले. भंगारवाल्याचा गाडा त्या दिवसापासून आमच्या दारावरून दिवसातून दोनदा जाऊ लागला. त्याला दोष देत नाही. आमचे गाव भंगार वितळवून त्याच्या सळया करून साऱ्या महाराष्ट्राला पुरविते. येथे जन्मलेला माणूस कुठल्याही यंत्राकडे पाहताना ते आज काय आहे यापेक्षा उद्या किती किलो भरेल हेच पाहतो. त्याने इंजिनाच्या पोटाला, ज्याला कारागीर चेंबर म्हणतात, एक टिचकी मारली, आवाज ऐकला आणि तोंड वाईट केले. "लोखंड नाही," म्हणाला. खरेच नव्हते. ते होते मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे.

मॅग्नेशियम म्हणजे काय हे ज्यांनी शाळेत विज्ञानाच्या गुरुजींनी चिमट्यात धरून पेटविलेली फीत पाहिली आहे त्यांना सांगावयास नको. सबंध ठोकळा सहसा पेट घेत नाही. पण कारखान्यात त्याला कापताना जो बारीक चुरा पडतो तो ठिणगी मिळण्याचीच वाट पाहात असतो. आणि आम्हांला तर त्या चेंबरची चारही घरे कापून मोठी करावयाची होती. औद्योगिक वसाहतीत एक बोरिंगचा कारखाना आहे, जेथे सळईच्या गिरण्यांचे मोठमोठे लोखंडी रूळ तासावयास येतात. तेथील कारागिरासमोर आम्ही आमचे ते हलकेफुलके चेंबर ठेवले तेव्हा त्याच्या मुद्रेवर पहिलवानाच्या हाती तान्हे मूल दिल्यावर येतो तो भाव आला. यंत्राच्या डोक्यावर लक्ष्मीची तसबीर होती, तिच्यापुढे पाच उदबत्त्या जळत होत्या, आणि कारागिराच्या ओठांत विडी. पुतण्याने एका दमात सर्व धोका सांगितला: चुरा पेटू शकतो, पेटल्यास पांढरी शुभ्र आग लागते, आणि त्या आगीवर पाणी तर मुळीच टाकावयाचे नाही, टाकल्यास ती अधिकच भडकते.

कारागिराने विडी काढून भिंतीवर विझविली, लक्ष्मीला हात जोडून उदबत्त्या दुसऱ्या खोलीत नेल्या, वाळूची एक बादली आणून ठेवली आणि म्हणाला, "पाणी टाकायचं नाही ना? मग फिकीर नाही. पाणी नाहीच."

मग त्याने यंत्राचे चक्र हातात घेतले आणि सहजगत्या म्हणाला, "सावधान." आमच्या जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या एका मुलाने बोहल्यावर हाच शब्द ऐकून धूम ठोकली आणि पुढे तो समर्थ रामदास झाला, ही कथा आम्हांला बाळपणापासून पाठ आहे, तेव्हा हा शब्द कानी पडताच पळून जाण्यास मला घरचाच आधार होता. मी पळालो नाही. वाळूच्या बादलीची कडी घट्ट धरून उभा राहिलो, आणि त्या अर्ध्या तासात चंदेरी चुऱ्याची रास पायाशी साचत असता एकही ठिणगी पडली नाही, याचे श्रेय कारागिराच्या हाताला की लक्ष्मीला, यावर परतताना रिक्षात पुतण्याचा आणि मिस्त्रींचा वाद झाला.

इंजिन बांधण्याचे सर्व टप्पे सांगत बसल्यास हा लेख इंजिनाइतकाच तापेल. चेंबर मोसंबीच्या दोन अर्धांसारखे दुभागलेले असते. त्यात क्रँक ठेवून ते पुन्हा एकजीव करतात. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण चक्राच्या दिशेला ठेवतात. आणि सिलिंडर एक, चार, तीन, दोन अशा पाळीने पेटतात, ही पाळी कधीही चुकत नाही आणि तिच्यासाठी कोणाला नगरसेवकाकडे जावे लागत नाही. पण त्या चक्राच्या मधोमध बसणाऱ्या नटाची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तीत मी स्वतः एक अवजार म्हणून सामील होतो.

हा नट छत्तीस मिलिमीटरचा असून तो पस्तीस किलोग्रॅम-मीटर एवढ्या जोराने आवळावा अशी कारखान्याची आज्ञा आहे. एवढा जोर मोजणारा पाना गावात आम्हांस मिळाला नाही. तेव्हा पुतण्याने कागदावर गणित मांडले. सत्तर किलो वजनाचा मनुष्य नटापासून बरोबर अर्ध्या मीटरवर लटकला म्हणजे पस्तीस होतात. मिस्त्रींनी पान्याच्या दांड्यावर पाण्याच्या नळाचा एक तुकडा चढविला, अर्ध्या मीटरवर खडूने खूण केली, आणि मग तिघांनीही एकमेकांकडे पाहिले. पुतण्या बावन्न किलोचा, मिस्त्री उपवासाचे. माझ्याविषयी संशय होता, पण पुरावा नव्हता. म्हणून मला मोंढ्यात नेण्यात आले. सोयाबीनच्या थप्प्यांमधल्या काट्यावर मी उभा राहिलो, हमालांनी हातातली कामे सोडली, आणि ज्या अडत्याचे मी कधीकाळी दाखले करून दिले होते, त्याने काट्याकडे वाकून पाहात सर्वांस ऐकू जाईल असा भाव पुकारावा तसे पुकारले, "एकाहत्तर, चपलांसह!" चपला काढल्या. बरोबर सत्तर भरले. नट आवळून होईपर्यंत मला जेवणखाण वर्ज्य करण्यात आले, कारण त्याने हिशेब चुकला असता.

मग ओसरीवर, चक्र लोखंडी कांबीने जखडून, मी खडूच्या खुणेवर दोन्ही हात ठेवले आणि पाय हळूच जमिनीवरून उचलले. नळ कुरकुरला, नट एक अंगुळ फिरला आणि थांबला. मी अधांतरी होतो. निवृत्त अव्वल कारकून भर सकाळी स्वतःच्या ओसरीत आडव्या नळाला लोंबकळत आहे आणि खाली बसलेला एक मिस्त्री "हलू नका साहेब, हलू नका, जोर वाढतो," असे बजावीत आहे, हे दृश्य पाहून दुधवाल्याने बरणी खाली ठेवली आणि आत जाऊन सौभाग्यवतींना विचारले, "साहेबांना कंबरेचं आहे का?"

इंजिन पहिल्याच चावीला लागले. त्याचा पूर्वीचा खुळखुळ्यासारखा बोल बदलून खर्जात गेला होता. वयात आलेल्या मुलाचा आवाज एके दिवशी सकाळी अचानक फुटावा आणि घरातल्या माणसांनी चमकून पाहावे तसे झाले. कायद्यास मात्र असे वयात येणे मंजूर नसते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमान्वये मोटारीच्या नोंदीतील तपशिलाशी विसंगत असा बदल परस्पर करता येत नाही, आणि माझ्या दाखल्यावर तर १४९३ हा आकडा होता. मी जन्मभर लोकांचे अर्ज वाचले होते. आता स्वतः लिहिला. 'सदरहू वाहनाचे इंजिनचे आकारमानात २८२ घनसेंटीमीटरची वाढ झाली असून' हे वाक्य लिहिताना मला एकाएकी असे वाटले, की सातबाराच्या उताऱ्यावरून जमीन आपोआप वाढल्याचे एखादा शेतकरी मला कळवीत आहे, आणि मी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहात आहे. एका कचेरीत मोटार तपासणीस हजर करण्याचा हुकूम झाला. त्या कचेरीचे नाव सांगत नाही; जातभाईची बदनामी करू नये. तेथील तरुण कारकुनाने पुढचे झाकण उघडले, आत जादा चाक, एक जॅक आणि सौभाग्यवतींची सतरंजी पाहिली, बराच वेळ विचार केला आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले: 'इंजिन आढळून आले नाही.' तो शेरा दुरुस्त करून घेण्यास इंजिन बांधण्यापेक्षा अधिक दिवस लागले, आणि तोपर्यंत मोटार कागदोपत्री बैलगाडीच्या वर्गात राहिली असे समजावयास हरकत नाही.

त्या वाढीव शक्तीचे आम्ही काय केले, असे कोणी विचारील. मामा चौकातून गांधी चमनला जाताना आमच्या पुढे मोसंबीचा टेम्पो होता, टेम्पोपुढे उसाचा ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरपुढे रस्त्यात बसलेली एक म्हैस. मोटार पूर्वी ज्या वेगाने यांच्यामागे जात असे त्याच वेगाने, परंतु पाचव्या हिश्श्याने अधिक सामर्थ्यानिशी, त्यांच्यामागे जाऊ लागली. औरंगाबादच्या रस्त्यावर मात्र एकदा मोकळे मैदान मिळाले. शेंद्र्याला जेथे २००१ सालापासून स्कोडाच्या मोटारी जुळविल्या जातात, आणि स्कोडा ही फोक्सवॅगनच्याच घराण्यातली असल्यामुळे जी माझ्या मोटारीची पणतवंडेच म्हणावयाची, तेथून माझी मोटार अशी काही सुसाट गेली, की पुतण्याने खिडकीतून हात काढून त्या कारखान्याला अभिवादन केले. मी मागे वळून पाहिले. धूर नव्हता. मला क्षणभर वाटले, की सौभाग्यवतींशी या विषयावर बोलण्यास आता हरकत नाही.

परंतु एक गोष्ट आमच्या तिघांच्याही ध्यानात राहिली नव्हती. सिलिंडर मोठे झाले, त्यात अधिक पेट्रोल जळू लागले, उष्णता वाढली. आणि ती वाहून नेणारा पंखा मात्र तोच, त्याच दांड्यावर, त्याच पट्ट्याने फिरणारा. घरातली तोंडे वाढली आणि चूल तीच राहिली. शिवाय या जुन्या इंजिनांत एक जन्मजात अन्याय आहे: तेल थंड करणारे जाळे पंख्याच्या डब्यातच तिसऱ्या सिलिंडरच्या वाऱ्याच्या वाटेत उभे केलेले असते, त्यामुळे इतर तिघांस पोटभर वारा मिळतो आणि तिसऱ्यास त्या जाळ्याने आधीच गरम केलेला. कारखान्यालाही हे ठाऊक होते. म्हणून त्या तिसऱ्याची ठिणगी किंचित उशिरा पडावी अशी त्यांनी युक्ती केली आणि पुढे १९७१च्या सुमारास ते जाळे वाटेतून दूरच हलविले. माझी मोटार त्याच्या आधीची. पहिले तिघे जेवावयास बसल्यावर चौथ्याने तक्रार करावी असा आमच्या घरचा शिरस्ता असल्यामुळे तिसऱ्याची ही उपासमार माझ्या लक्षात यावयास उशीर झाला.

मे महिन्यात आम्ही राजूरच्या गणपतीला निघालो. मी, सौभाग्यवती, पुतण्या आणि मागच्या बाकावर नारळांची पिशवी. अर्ध्या वाटेवर तापल्या तेलाचा वास आला. इशाऱ्याचा दिवा लुकलुकू लागला. पुतण्या म्हणाला, "काका, तिसरा." मी एका लिंबाखाली मोटार थांबविली आणि मागचे झाकण उघडले. पत्र्यावर थुंकी टाकताच ती चटकन उडून गेली.

"चालत होती," सौभाग्यवती सतरंजी पसरता पसरता म्हणाल्या. या वेळी त्यांनी प्रश्नचिन्ह गाळले होते.

आम्ही इंजिन निवण्याची वाट पाहात बसलो असता दूरवरच्या शेतातून एक वयस्क शेतकरी डोक्यावर घागर घेऊन, एका हाताने ती सावरीत, ढेकळांतून लगबगीने येताना दिसला. त्या शिवारात ती घागर कुठून भरली असेल आणि तिच्यासाठी किती चालावे लागले असेल हे मला पुरते ठाऊक होते. मी उठून हात हलवून नको, नको म्हणू लागलो, आणि त्याने तो हात बोलावण्याचा समजून पाऊल आणखी उचलले. घाम पुशीत त्याने घागर खाली ठेवली, मोटारीला पुढून वळसा घातला, पुढचे झाकण स्वतःच उचलले, आतल्या जादा चाकाकडे पाहिले आणि विचारले, "पानी कुठं टाकायचं?"

"हिला पाणी लागत नाही बाबा," मी म्हणालो. "ही हवेवर चालते."

त्याने मागे जाऊन तापून तडतडणाऱ्या त्या इंजिनाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. पुतण्याकडे पाहिले. सौभाग्यवतींकडे पाहून तो किंचित हसला, कारण तेथे त्याला काहीतरी समजूतदार दिसले असावे. घागरीवरचे फडके बाजूला करीत त्याने तांब्या बुडविला आणि माझ्यापुढे धरला.

"गाडीला लागत न्हाई म्हणता," तो म्हणाला, "मंग तुम्ही तरी घ्या."